मांजराची संमती

दुसऱ्याचे हित आपल्याला स्पष्ट दिसत आहे, ते साधण्याचे साधन आपल्या हातात आहे, आणि ज्याचे हित साधायचे तो मात्र हातपाय झाडून ‘नको’ म्हणत आहे. अशा वेळी काय करावे, हा नीतिविचारातला जुना पेच आहे. राजा आणि प्रजा, गुरू आणि शिष्य, बाप आणि मुलगा, वैद्य आणि रोगी अशा अनेक जोड्यांच्या निमित्ताने त्याची चर्चा झाली आहे. मी तो आज एका अगदी लहानशा जोडीच्या निमित्ताने मांडणार आहे. मधुमेह झालेले मांजर आणि त्याला दिवसातून दोनदा इन्शुलिनची सुई टोचणारा माणूस, ही ती जोडी.

करंज्या-अनारशांच्या ताटाशी बसलेल्या वाचकापुढे मधुमेहाची गोष्ट काढणे हे काही रसिकतेचे लक्षण नव्हे. त्यातून मांजराचा मधुमेह म्हणजे शुद्ध थट्टा, असेही कुणाला वाटेल. परंतु विषय लहान आहे म्हणूनच तो मला सोयीचा वाटतो. मोठ्या जोड्यांत या पेचातून निसटून जायला पुष्कळ चोरवाटा असतात. राजा म्हणतो, प्रजेतली शहाणी माणसे माझ्या बाजूची आहेत. बाप म्हणतो, आज रडतो आहे, मोठा झाला की त्याला कळेल. वैद्य म्हणतो, मी सगळे समजावून सांगितले आणि रोग्याने मान हलवली. मांजराच्या बाबतीत या तिन्ही वाटा बंद आहेत. त्याचा प्रतिनिधी नाही, त्याला समजावता येत नाही, आणि ते कितीही मोठे झाले तरी त्याला कळणार नाही. सगळे आडपडदे दूर होऊन प्रश्न तेवढा समोर उरतो.

मांजराला मधुमेह होतो हे पुष्कळांना ठाऊक नसते. घराबाहेर न पडणारी, आयत्या ताटलीवर जगणारी, अंगाने सुटलेली मध्यम वयाची मांजरे याला अधिक बळी पडतात; त्यांतही नसबंदी केलेले बोके. म्हणजे माणसाने स्वतःच्या सुखासीन राहणीत मांजराला वाटेकरी केले आणि त्या राहणीचा रोगही वाटून दिला. मांजर पाणी फार पिऊ लागते, लघवी फार करू लागते, आणि पोटभर खाऊनही वाळत जाते. काहींच्या मागच्या पायांतली शक्ती जाऊन ती टाचा जमिनीला टेकून चालू लागतात. एरवी पंजांवर तोलून चालणाऱ्या या डौलदार प्राण्याची ती चाल पाहवत नाही. उपाय आहे. बहुधा बारा बारा तासांच्या अंतराने, डॉक्टर ठरवून देतील तितके, म्हणजे साधारणपणे एखाददुसरे युनिट इन्शुलिन कातडीखाली टोचायचे. रोग वेळीच ओळखला आणि खाण्यातले पिष्ट कमी करून मांसान्नावर भर दिला, तर काही मांजरांची सुई काही महिन्यांनी सुटतेदेखील. उपाय केला नाही तर मरण येते, आणि ते सुखाचे नसते.

म्हणजे पारड्यात एका बाजूला काही वर्षांचे आयुष्य आहे आणि दुसऱ्या बाजूला केसाएवढ्या सुईची क्षणभराची टोच. एवढ्या हिशेबावर कुणीही म्हणेल की प्रश्नच उरत नाही. धरा आणि टोचा. पण ती टोच दिवसातून दोनदा, वर्षातून सातशे तीसदा द्यायची असते. पहिल्या चार दिवसांतच मांजराला घड्याळ कळू लागते. फ्रीजचे दार उघडल्याचा आवाज आला की ते पलंगाखाली जाते. मग काठीने बाहेर काढणे, टॉवेलात गुंडाळणे, एकाने पाय धरणे आणि दुसऱ्याने टोचणे. हातांवर ओरखडे उठतात. मांजर घरातल्या माणसांच्या वाटेतून बाजूला होऊ लागते, मांडीवर येईनासे होते. ज्याच्यासाठी जीव वाचवायचा तो सहवासच हळूहळू नाहीसा होतो, आणि घरातले कुणीतरी एका संध्याकाळी विचारते, ‘आपण याला जगवतो आहोत की छळतो आहोत?’ नीतीचा प्रश्न खरोखर जन्माला येतो तो तिथे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी सुईतल्या त्या थेंबाचा इतिहास आठवणे उचित होईल, कारण तो थेंबच कुणाच्या तरी असंमतीतून आलेला आहे. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. रोगाचे मूळ कोणत्या अवयवात आहे ते तेव्हा कळले. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी पुन्हा कुत्र्यांवरच प्रयोग करून त्या अवयवाचा गुणकारी अर्क मिळवला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉमसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला त्याची पहिली सुई दिली गेली. ती फारशी लागू पडली नाही, पण कॉलिपने शुद्ध केलेला अर्क त्याच महिन्यात दिल्यावर मुलगा सावरला. पुढे साठ वर्षे जगातल्या मधुमेह्यांचे इन्शुलिन कत्तलखान्यातल्या गाईबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडांतून येत होते. जिवाणूंकडून तयार करवून घेतलेले मानवी इन्शुलिन बाजारात आले ते १९८२ नंतर. सृष्टीची गंमत अशी की इन्शुलिनच्या एक्कावन्न मणक्यांच्या माळेत गाय आणि मांजर यांच्यांत केवळ एका मण्याचा फरक आहे. माणूस आणि मांजर यांच्यांत चारांचा. ज्या औषधावर आपल्या घरातले आजोबा जगले, ते जनावरांनी न विचारता दिलेले आहे. तेच औषध आज उलट वाटेने एका जनावराकडे जात असेल, तर त्याला मी उपकार म्हणणार नाही. फार तर परतफेड म्हणेन. आणि परतफेड करणाऱ्याने सावकाराच्या आवाजात बोलू नये, एवढे तरी या इतिहासातून घ्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपण लहान मुलाला लस टोचतो तेव्हा त्याची संमती घेत नाही. ते किंचाळते, आई त्याला छातीशी घट्ट धरते आणि डॉक्टर टोचतात. या सक्तीचे समर्थन आपण भविष्यावर टाकतो. मूल मोठे होईल, त्याला देवी आणि पोलिओ यांची माहिती होईल, आणि आजच्या सक्तीला ते उद्या मागे वळून होकार देईल. आजची सक्ती ही जणू उद्याच्या संमतीवर काढलेली हुंडी आहे. आजोबांचे उलट असते. त्यांना सारे कळते. तरी ते सणाच्या दिवशी सुई टाळतात आणि स्वयंपाकघरात जाऊन हळूच दोन शंकरपाळे तोंडात टाकतात. त्यांच्याशी भांडता येते, रुसता येते, नातवंडाला मध्ये घालता येते. त्यांची आजची नाराजी त्यांच्याच कालच्या शहाणपणाशी ताडून पाहता येते. मांजराजवळ ना उद्याची संमती आहे, ना कालचे शहाणपण. त्याच्या नावावर हुंडी काढली तर ती कधीच वटणार नाही.

मग ज्याला कारण सांगता येत नाही, त्याच्याबाबत आपले कर्तव्य कमी होते की वाढते? व्यवहारात आपण ते कमी झाले असे धरून चालतो. ‘त्याला काय कळते!’ हे वाक्य माणसाने जनावरांना, मुलांना, वेड्यांना, आणि एके काळी बायकांनाही उद्देशून म्हटले आहे. आणि प्रत्येक वेळी ते वाक्य हात सैल सोडण्यासाठी वापरले आहे. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बेंथॅमने हा दावा फिरवला. जनावराला बुद्धी किती आणि वाचा आहे की नाही, हे विचारण्यापेक्षा त्याला दुःख होते की नाही हे पाहावे, असा त्याचा आशय होता. मला त्याच्याही पुढे एक पाऊल टाकावेसे वाटते. ज्याला कारण कळते त्याचे दुःख कारणाने हलके होते. आजोबांना सुई टोचते तेवढीच टोचते. मांजराला ती टोचते, आणि शिवाय ‘माझ्या माणसाने मला विनाकारण दुखवले’ हेही टोचत असले पाहिजे. कारण सांगता येत नसेल, तर जे कारणाने हलके झाले असते ते आपल्याला दुसऱ्या कोणत्यातरी मार्गाने हलके करावे लागेल. म्हणून कर्तव्य वाढते.

तो दुसरा मार्ग कोणता? मांजराजवळ भाषा नाही असे आपण म्हणतो, पण ‘नाही’ हा एक शब्द त्याला फार चांगला येतो. कान मागे पाडणे, शेपटी आपटणे, फिस्कारणे, अंग चोरून निसटणे, हे सगळे त्या एका शब्दाचे उच्चार आहेत. आपण तो ऐकतो, पण तो सबंध उपायाला उद्देशून आहे असे समजतो. वास्तविक तो बहुधा फार लहान गोष्टीला उद्देशून असतो. अनुभवी पशुवैद्य सांगतात की नको असते ते पुष्कळदा सुईला नसतेच. पाठलाग नको असतो. वरून झडप घालणारा हात नको असतो. स्पिरिटचा वास नको असतो. फ्रीजमधून थेट आलेला गार थेंब नको असतो. रोज एकाच जागी टोचून दुखरी झालेली कातडी नको असते. ज्या गादीवर ते निर्धास्त झोपते, त्याच गादीवर झोपेतून उठवून टोचणे नको असते. मांजर शिकारी आहे हे आपल्याला ठाऊक असते. पण ते इतके लहान आहे की मोठ्या जनावरांचे ते भक्ष्यही आहे, हे आपण विसरतो. त्याच्या रक्तातल्या शहाणपणाप्रमाणे घट्ट धरले जाणे म्हणजे पकडले जाणे, आणि पकडले जाणे म्हणजे मरण.

‘नाही’चे असे पृथक्करण केले की काम निराळे होते. पहिले काही दिवस फक्त जागा ठरवायची: खिडकीजवळचा एखादा पाट किंवा चटई, रोज तीच, ठरल्या वेळी. तिथे त्याचे जेवण ठेवायचे. ते खात असताना कुशीवर हात फिरवायचा. पुढे कातडीची हलकी चिमूट धरून सोडायची. पुढे टोपण लावलेली सिरिंज नुसती टेकवायची, आणि प्रत्येक वेळी आवडीचा एक घास द्यायचा. भरलेली सिरिंज क्षणभर बोटांत धरली की थेंबभर औषधाचा गारवा जातो. मानगुटीपेक्षा कुशीची किंवा बरगड्यांवरची कातडी बहुधा बरी, आणि जागा रोज थोडी बदलायची. दाट केस असतील तर थोडेसे कापून घ्यायचे, म्हणजे औषध केसांत न सांडता कातडीखाली जाते. ते निघून गेले तर जाऊ द्यायचे. पलंगाखाली मागून जायचे नाही. रोग बळावलेला असेल तर या तयारीसाठी सुई थांबवता येत नाही, मग दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारून बरोबरच चालवाव्या लागतात. एखादी सुई चुकली तर बहुधा आकाश कोसळत नाही. पण गेली की नाही अशी शंका आल्यावर पुन्हा टोचले तर साखर एकदम उतरून मांजर लटपटते, त्याला झटके येतात, जीवही जातो. तसेच कुपीवर ४० युनिट लिहिले आहे की १०० हे पाहून त्याच मापाची सिरिंज घ्यावी लागते; ४० च्या सिरिंजेत १०० चे औषध भरले तर मात्रा अडीचपट होते. प्रेमाला अंकगणित आले पाहिजे, ते असे.

या बाबतीत मांजराचे शरीरच आपल्याशी वाद घालते. भ्यालेल्या, झुंजणाऱ्या मांजराच्या रक्तातली साखर भीतीनेच वर चढते. निरोगी मांजराचीही चढते. दवाखान्यात धरून बांधून घेतलेली चाचणी म्हणूनच पुष्कळदा फसवी ठरते, आणि घरी, शांतपणे, कानाच्या कडेला बारीकसे टोचून घेतलेला थेंब अधिक खरा बोलतो. ज्या सक्तीने साखर उतरवायची, तीच सक्ती साखर चढवते! साध्य शुद्ध असले तरी साधनाची शुद्धी पाहावी असे आपल्याकडे थोर माणसांनी सांगितले आहे. इथे ते रक्ताच्या थेंबात मोजता येते.

मांजर आणि शरणागती यांचा संबंध आपल्या तत्त्वज्ञांनी फार पूर्वी जोडून ठेवला आहे. रामानुजांच्या परंपरेत पुढे दोन पंथ झाले आणि जीवाचा उद्धार कसा होतो यावर त्यांच्यांत वाद झाला. वडगलै पंथाने माकडाच्या पिलाचा दाखला घेतला: आई उडी मारते, पण पिलाने तिला घट्ट धरले पाहिजे. तेंगलै पंथाने मांजराच्या पिलाचा दाखला घेतला: पिलू काहीच करीत नाही, आई त्याला मानगुटीला धरून उचलते आणि नेते. हाच मर्कटकिशोर न्याय आणि मार्जारकिशोर न्याय. सुई हातात घेतलेल्या माणसाच्या मनात, त्याच्या नकळत, हा दुसरा न्याय असतो. तो मांजराची मानगूट धरतो आणि त्याने पिलासारखे अंग सोडून द्यावे अशी अपेक्षा करतो. पण मानगुटीला धरल्यावर अंग सोडून देणे हा इवल्या पिलाचा धर्म आहे, आणि धरणारी आई असते. वाढलेले मांजर त्या पकडीत शांत झालेले दिसले तरी ते पुष्कळदा भीतीने गोठलेले असते. म्हणूनच आजचे पशुवैद्य ही पकड टाळायला सांगतात. आणि आपण त्याची आई नाही. पूर्ण शरणागती देवापुढे शोभत असेल. रोज सकाळी सात वाजता ती मागण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तो अधिकार आपल्याला कधी दिलेलाही नाही. बैलाला वेसण, घोड्याला लगाम, हत्तीला अंकुश, कुत्र्याला पट्टा. प्रत्येक पाळीव प्राण्याच्या नावाबरोबर आपल्या भाषेत त्याला ताब्यात ठेवण्याच्या साधनाचे नाव येते. मांजराबरोबर येते ती एक घंटा, आणि तीही कुणी बांधली नाही म्हणून प्रसिद्ध झालेली. माणूस धान्य साठवू लागला, धान्याला उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर आपल्या पायांनी आले, असे अभ्यासक मानतात. या नात्याचा पायाच येण्याजाण्याच्या मोकळीकीवर आहे. तिचा भंग करून मांजर जगवता येईल. पण जे जगेल ते पूर्वीच्या नात्यातले मांजर नसेल.

इथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. कोणी म्हणेल, ‘तुमचा हा घास म्हणजे लाच नव्हे काय? सक्ती नको म्हणून तुम्ही लालूच दाखवता. फसवणुकीला गोड वेष दिला, एवढेच.’ हा आक्षेप काही पद्धतींना खरोखर लागू पडतो. आवडत्या माशाच्या तुकड्यात कडू गोळी लपवून देणे ही फसवणूक आहे, आणि मांजर तिचा सूड चोख घेते: गोळीबरोबर मासाही टाकते. पण चटईवरचा व्यवहार तसा नाही. तिथे काहीच लपवलेले नसते. टोपण निघाल्याचा आवाज होतो, सिरिंज समोर असते, दहाव्या दिवसापर्यंत मांजराला टोच पुरती ठाऊक झालेली असते. तरीही ते चालत येते आणि बसते. त्याला ठाऊक नसते ते इतकेच की ही टोच कशासाठी. टोच आणि घास, एवढ्या दोन गोष्टी त्याच्या बुद्धीच्या आवाक्यात आहेत, आणि त्या दोहोंपुरता त्याने खुला सौदा केलेला आहे. बाकीचा भाग, म्हणजे रोग, आयुष्य, मरण, हा आपल्या विश्वस्तपणाचा. मी याला संमती म्हणतो ती वकिलाच्या अर्थाने नव्हे. तिचा कागद होत नाही. ती रोज नव्याने मिळवावी लागते, आणि एका दिवसाच्या घाईने जाऊ शकते. पण निघून जाण्याची वाट मोकळी असताना जो थांबतो, त्याचे थांबणे हा होकारच आहे. आणि वाट मोकळी ठेवणे हे आपल्या हातात असते.

सगळी मांजरे ऐकतात असे मात्र नाही. महिनोन्‌महिने चटई मांडूनही एखादे मांजर जवळ येत नाही. कधी रोग पुढे गेलेला असतो, कधी घरात एकटीच म्हातारी बाई असते आणि तिच्या कापऱ्या हातांना सुई पेलत नाही. बारा तासांचे घड्याळ घराला बांधून टाकते. सणासाठी गावी जायचे म्हटले तरी मागे कोण टोचणार हा प्रश्न उरतो. नव्या औषधांनी थोडी वाट रुंद केली आहे: २०२२ आणि २०२३ साली अमेरिकेत मांजरांसाठी तोंडावाटे द्यायच्या दोन औषधांना मान्यता मिळाली. पण ज्यांनी पूर्वी इन्शुलिन घेतलेले आहे अशा मांजरांसाठी ती नाहीत, आणि इतरांनाही ती डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यावी लागतात. म्हणजे काही घरांत शेवटचा प्रश्न उभा राहतोच: जगवणारी सुई जमत नसेल, तर सुखाने मरण देणारी सुई द्यावी काय?

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न लवकर विचारला जातो. आपल्याकडे तो उच्चारायलाही जड जातो. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही आजीने घातलेली भीती आपल्या मनातून गेलेली नसते. मुंबईत १८३४ पासून पांजरपोळ आहे. म्हातारी, पंगू जनावरे मरेपर्यंत पोसणे हे आपल्या दयेचे रूप आहे. याच भूमीत १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. गांधीजींनी विचार करून त्याला डॉक्टरांकडून सुईने मरण देवविले, आणि अहिंसेच्या उपासकाने हे केले म्हणून देशभरातून त्यांच्यावर संतापाचा वर्षाव झाला. त्यांनी ते लपवले नाही. जाहीरपणे लिहून आपली भूमिका मांडली. त्या वादात कोण बरोबर, याचा निकाल मी देणार नाही. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: त्यांनी वासराच्या वेदनेचा विचार केला तो वासराच्या बाजूने, आपल्या पुण्याच्या बाजूने नव्हे. मांजराच्या बाबतीतही तोच निकष लावावा. ‘मला सुई देववत नाही’ हे कारण मांजराला मारायला पुरेसे नाही. आणि ‘मला पाप लागेल’ हे कारण त्याला रोज दोनदा दहशतीत जगवायला पुरेसे नाही. दोन्ही कारणांत मांजर कुठेच नाही.

म्हणून निर्णयापूर्वी काही साधे प्रश्न स्वतःला विचारावेत. सुईखेरीजच्या तेवीस तास एकोणसाठ मिनिटांत हे मांजर काय करते? उन्हात लोळते काय? अंग चाटून स्वच्छ ठेवते काय? दार वाजले की मान वर करते काय? चिमणीकडे पाहून दात वाजवते काय? तसे असेल तर ती एक मिनिटाची झुंज सोसण्यासारखी आहे आणि ती सौम्य करण्याचे कष्ट घेण्यासारखे आहेत. पण जर सुईची भीती उरलेल्या सगळ्या तासांत पसरली असेल, ते अंधाऱ्या कोपऱ्यातून बाहेरच येत नसेल, आणि सगळे मार्ग, सगळी धीराची युक्ती, दुसऱ्याचे मदतीचे हात, हे सारे खरोखर करून झाले असेल, तर ते मांजर आयुष्याला नकार देत आहे असे नव्हे. पण या प्रकारच्या आयुष्याला ते नकार देत आहे, हे ऐकण्याची तयारी हवी. आणि ‘करून झाले’ हे शब्द प्रामाणिकपणे उच्चारता आले पाहिजेत. बहुतेक घरांत ते फार लवकर उच्चारले जातात. चटई मांडून तीन आठवडे बसण्याआधीच आपण मांजराचा स्वभाव वाईट ठरवून मोकळे होतो.

एवढा सगळा खटाटोप एका मांजरासाठी, असे कुणी विचारील तर मी त्याला त्याच्याच घरात पाहायला सांगेन. दिवाळीला सगळे कुटुंब एकत्र जमते. कोपऱ्यात खुर्चीवर स्मृती हरवत चाललेली आजी असते. तिला गोळ्या का घ्यायच्या ते आता सांगून कळत नाही, आणि सून पाण्याचा पेला हातात घेऊन उभी असते. तापलेले तान्हे असते. त्याला औषधाचा चमचा पालथा पाडण्याखेरीज दुसरी भाषा येत नाही. कारणांनी जिथे काम होत नाही अशी माणसे प्रत्येक घरात असतात, आणि आपल्यातला प्रत्येकजण आयुष्याच्या दोन्ही टोकांना तसा असतो. त्या वेळी आपल्याला धरणारा हात घाई करील की क्षणभर थांबेल, आपल्या ‘नाही’मध्ये नेमके काय नको आहे ते तो शोधील की नाही, यावर आपले सुख अवलंबून राहणार आहे. अशा हातांची सवय एकाएकी लागत नाही. ती रोज सकाळ-संध्याकाळ, कुणी पाहत नसताना, खिडकीजवळच्या चटईवर बसून लावून घ्यावी लागते.